संच आणि फल : दोन गणिती शब्दांचा प्रवास

ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात संतवाङ्मय, नाटक, कादंबरी, नियतकालिके आणि संस्थेच्या दिवंगत कार्यकर्त्यांचे स्मरण यांना जागा मिळावी, हे स्वाभाविक आहे. त्या पंक्तीत गणितावरील लेखाचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय मराठी साहित्य शिकवण्याचा. गणिताकडे तो आला तो शब्दांच्या वाटेने. त्या वाटेने जाताना असे आढळले की, उच्च गणिताचा पाया मानल्या गेलेल्या ‘संच’ आणि ‘फल’ या दोन कल्पनांची मराठीतील हकीकत सांगू लागले, तर ती खानदेशातून निघते, कोकणात थांबते, नागपुरास येते आणि आपल्या भोपाळपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर असलेल्या सीहोरच्या पाठशाळेत काही काळ मुक्काम करते. आपल्या अंगणातून गेलेली ही वाट आपल्यालाच ठाऊक नसावी, हे बरे नव्हे. म्हणून हा लेखनप्रपंच.

कोटरा सुल्तानाबादसारख्या वसाहतीतील मराठी घरात अकरावीच्या मुलाचे गणिताचे पुस्तक उघडले, तर पहिल्या प्रकरणाचे नाव ‘समुच्चय’ आणि दुसऱ्याचे ‘संबंध एवं फलन’ असे असते. महाराष्ट्रातील नववीच्या पुस्तकात तोच विषय ‘संच’ या नावाने येतो. आपल्या घरात ‘संच’ हा शब्द आहेच. तो भांड्यांचा असतो, वाद्यांचा असतो, नाटकातील नटांचाही असतो. पण शाळेतला समुच्चय आणि स्वयंपाकघरातला संच हे एकाच ‘चि’ धातूचे, म्हणजे वेचून गोळा करण्याच्या क्रियेचे, दोन वारस आहेत, ही गोष्ट मुलाला सहसा कोणी सांगत नाही. ती सांगितली तर पाठ करावयाची व्याख्या ओळखीची होते. एखादी कल्पना समाजाची झाली असे केव्हा म्हणावे? माझ्या मते, त्या समाजाच्या बोलण्यातला एखादा जुना शब्द पुढे होऊन तिचे ओझे उचलतो, तेव्हा. संच आणि फल या शब्दांनी हे ओझे कसे उचलले, ते पाहू.

ग्रंथालयातील उदाहरण

प्रथम या दोन कल्पना समजून घेऊ. त्यासाठी ग्रंथालयापेक्षा सोयीची जागा नाही. संच म्हणजे वस्तूंचा असा समूह की, कोणतीही वस्तू पुढे केली असता ती त्या समूहात आहे किंवा नाही, हे निःसंदिग्धपणे सांगता आले पाहिजे. ‘ग्रंथालयातील चांगल्या कादंबऱ्या’ हा गणिती अर्थाने संच होत नाही, कारण चांगली कोणती यावर वाचनकक्षात दोन मते होतील. ‘१९५० पूर्वी प्रथम प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्या’ हा मात्र संच होतो. त्यातील प्रत्येक कादंबरी त्या संचाचा घटक. १९५० पूर्वीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या हा त्याचा उपसंच. ऐतिहासिक कादंबऱ्यांचा एक संच आणि दुर्मिळ ग्रंथांचा दुसरा संच घेतला, तर दोहोंत असणारी पुस्तके म्हणजे त्यांचा छेद, आणि दोहोंपैकी निदान एकात असणारी सर्व पुस्तके म्हणजे त्यांचा संयोग. ज्यात एकही घटक नाही, तो रिक्त संच. नव्या कपाटात पुस्तके लावण्यापूर्वी तेथील पुस्तकांचा संच रिक्त असतो. कपाट मात्र असते. रिक्त संचही असाच खरा असतो.

आता फल. प्रत्येक पुस्तकाला ग्रंथपाल एक वर्गांक देतो. ड्यूई पद्धतीत गणिताला ५१० आणि मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आहे. पुस्तकांच्या संचातील प्रत्येक घटकाला अंकांच्या संचातील एक आणि एकच घटक नेमून देणारी ही जी व्यवस्था, तिलाच गणितात फल म्हणतात. अनेक पुस्तकांचा वर्गांक एकच असू शकतो, त्याला हरकत नाही. परंतु एका पुस्तकाला दोन वर्गांक दिले तर ते कोणत्या कपाटात ठेवावयाचे, हा घोटाळा होईल. दाखल नोंदवहीतील क्रमांकाची गोष्ट याहून कडक आहे. तेथे दोन पुस्तकांना एक क्रमांक चालत नाही. अशा फलाला एकास-एक म्हणतात. सभासद आणि त्याने घरी नेलेले पुस्तक यांचा संबंध पाहिला, तर एका सभासदाकडे दोन पुस्तके असू शकतात, म्हणून तो नुसता संबंध आहे, फल नव्हे. पण तोच उलट वाचला, म्हणजे घरी गेलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे ते नेणाऱ्याचे नाव लिहिले, तर फल तयार होते. कारण एक प्रत एका वेळी एकाच घरी असते. ग्रंथपालाची देवघेव नोंदवही या फलावरच चालते.

लीलावतीतील रस आणि आयुधे

कल्पनांना नावे पडण्यापूर्वी त्या वापरात असतात. भास्कराचार्यांचा जन्म इ.स. १११४ चा आणि त्यांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ ११५० चा. त्यातील ‘लीलावती’ या पहिल्या भागात एक उदाहरण रसांचे आहे. गोड, तिखट, आंबट, तुरट, खारट आणि कडू या सहा रसांपैकी एक, दोन, तीन असे रस घेऊन पदार्थ करावयाचे, तर किती प्रकार होतील? एकेका रसाचे ६, दोन-दोन रसांचे १५, तीन-तीनांचे २०, चार-चारांचे १५, पाच-पाचांचे ६ आणि सहाही रसांचा १, एकूण ६३. आजच्या भाषेत हा सहा घटकांच्या संचाच्या उपसंचांचा हिशोब आहे. आजचा विद्यार्थी उत्तर ६४ देईल, कारण तो रिक्त उपसंचही मोजतो. भास्कराचार्यांनी एकही रस नसलेला पदार्थ मोजला नाही. पानात वाढण्याच्या दृष्टीने त्यांचेच बरोबर आहे. परंतु नियम सर्वत्र सारखा चालावा म्हणून आधुनिक गणिताने तो बेचव पदार्थही पंक्तीत बसवला. रिक्त संच कशासाठी मानावा लागतो, हे समजण्यास एवढे उदाहरण पुरे आहे.

‘लीलावती’च्या शेवटी ‘अंकपाश’ हे प्रकरण येते. त्यात विचारले आहे की, दशभुज शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधे आलटून पालटून दिली, तर मूर्तीचे किती भेद होतील. आणि चतुर्भुज हरीच्या शंख, चक्र, गदा, पद्मांचे किती? उत्तरे अनुक्रमे ३६,२८,८०० आणि २४ अशी आहेत. विष्णूचे हे चोवीस भेद आपल्याला केशव, नारायण, माधव अशा संध्येतील चोवीस नावांमुळे परिचयाचे आहेत. प्रत्येक मूर्ती म्हणजे हातांच्या संचापासून आयुधांच्या संचाकडे जाणारे एक फल होय. प्रत्येक हाताला एक आयुध, दोन हातांत एक आयुध नाही, आणि कोणतेही आयुध हाताबाहेर राहिलेले नाही. पहिली अट फलाची, दुसरी एकास-एकपणाची. तिसरी अट पुरी करणाऱ्या फलाला आच्छादक म्हणतात. पाठ्यपुस्तकातील या तिन्ही अटी मूर्तिकाराला पाळाव्याच लागत होत्या.

हे ज्ञान टिकावे म्हणून केलेल्या व्यवस्थेची साक्षही शिल्लक आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे नमूद आहे. या संस्कृत लेखाचा काही भाग त्या काळच्या मराठीत आहे. मठाला मिळणाऱ्या देणग्यांची तरतूद लोकांना कळावी, म्हणून त्यांच्या भाषेत कोरलेली. गणिताच्या अध्ययनासाठी लोकांनी काय द्यावे, हे मराठीत लिहिलेले इतके जुने आहे. ग्रंथालयाच्या देणगीदारांनी याची नोंद घ्यावी.

‘फल’ शब्दाची कुळकथा

‘फल’ हा शब्द गणितात नवा नाही. त्रैराशिकात प्रमाण, फल आणि इच्छा या तीन राशी असतात व त्यांवरून इच्छाफल काढतात. पाच शेर तांदळाला इतके रुपये, तर आठ शेरांना किती, या प्रश्नात शेर ही इच्छा आणि रुपये हे फल. इच्छा बदलली की फल बदलते, आणि प्रत्येक इच्छेला एकच फल मिळते.

ज्योतिषात या शब्दाला अधिक सूक्ष्म काम मिळाले. ग्रह आकाशात सम गतीने चालताना दिसत नाही. म्हणून प्रथम त्याचे सम गतीने येणारे मध्यम स्थान काढतात आणि मग त्यात संस्कार करून स्पष्ट स्थान मिळवतात. या संस्कारांची नावे मंदफल आणि शीघ्रफल अशी आहेत. मंदफलाची किंमत मंदकेंद्र नावाच्या कोनावर अवलंबून असते. कोन दिला की फल ठरले. आजचा गणिती ज्याला एका चलावर अवलंबून असणारे फल म्हणेल, अगदी तीच ही वस्तू आहे, आणि नावही तेच आहे. अशी फले कोष्टकांत मांडून ठेवण्याची रीतही जुनी. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतराने चोवीस ज्या काढण्याची सामग्री दिली आहे.

या परंपरेत एका कोकणस्थ ज्योतिषाने जे केले, ते फलाच्या आधुनिक कल्पनेच्या दृष्टीने फार बोलके आहे. नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ म्हणजे इ.स. १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचले. ज्या काढत बसण्याचा त्रास पंचांगकर्त्याला होतो, हे पाहून त्यांनी ज्यांचा उपयोग अजिबात टाळला आणि केवळ गुणाकार, भागाकार व वजाबाकीने जवळजवळ तीच उत्तरे येतील अशा कृती बसवल्या. महाराष्ट्रातील पंचांगे पुढे शतकानुशतके या ग्रंथावरून होत राहिली. कृती बदलली, उत्तरे जवळजवळ तीच राहिली. मग फल म्हणजे ती कृती, की इच्छा आणि उत्तर यांची जोडी? हा प्रश्न गणेश दैवज्ञांनी विचारला नाही. पंचांगासाठी त्याची गरज नव्हती. युरोपात मात्र पुढे या प्रश्नावर मोठे गणिती भांडले.

सीहोरची पाठशाळा

एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सीहोर हे भोपाळ संस्थानातील इंग्रजांच्या छावणीचे आणि पोलिटिकल एजंटाचे ठाणे होते. त्या जागी लान्सलॉट विल्किन्सन हा मुंबई इलाख्याच्या सेवेतील अधिकारी आला. त्याने सिद्धान्तग्रंथांचा मनापासून अभ्यास केला आणि १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. एतद्देशीयांना नवे ज्योतिष शिकवावयाचे तर भास्कराचार्यांच्या ग्रंथांवरूनच पायरी-पायरीने शिकवावे. पृथ्वी गोल आहे हे त्यांच्याच आचार्यांनी सांगितले आहे, तेथून कोपर्निकसापर्यंत जाणे सोपे, असे त्याचे म्हणणे होते. सीहोरच्या पाठशाळेत त्याने ही पद्धत चालवली.

या पाठशाळेच्या परिवारात सुबाजी बापू होते. त्यांनी १८३६ च्या सुमारास ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला, तो मराठीत. पुराणांतील, सिद्धान्तांतील आणि कोपर्निकसाची अशा तीन विश्वरचनांची तुलना त्यात होती. याच परिवारातील ओंकार भट्टांनी तोच विषय ‘भूगोलसार’ या ग्रंथात हिंदीत मांडला. भोपाळच्या दाराशी, माळव्याच्या मातीत, एकच नवे ज्ञान मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषांत एकाच सुमारास उतरले. आज आपल्या मुलांच्या तोंडी ‘समुच्चय’ आणि घरात ‘संच’ अशी जी जोडी दिसते, तिचा पूर्वावतारच म्हणा ना!

सीहोरच्या विद्यार्थ्यांत सर्वांत कीर्तिमान ठरले ते बापूदेव शास्त्री. मूळ नाव नृसिंह, जन्म १८२१ चा. हे महाराष्ट्रीय कुटुंबातील बालक नागपुरात ढुंढिराज मिश्र यांच्याजवळ लीलावती आणि बीजगणित शिकत असता विल्किन्सनच्या दृष्टीस पडले. त्याने १८३८ मध्ये त्यांना सीहोरास आणले. तेथे पंडित सेवाराम यांच्याजवळ त्यांचे रेखागणित म्हणजे युक्लिडची भूमिती झाली. थोड्याच वर्षांत काशीच्या संस्कृत पाठशाळेत त्यांची नेमणूक झाली आणि पुढे सर्व आयुष्य तेथे गेले. काशीत त्यांनी हिंदीत बीजगणित लिहिले. मराठी माणसाने हिंदीला दिलेल्या देणग्यांत त्याची गणना व्हावयास हवी. १८५८ मध्ये त्यांनी भास्कराचार्यांना चलनकलनाचे ज्ञान होते, असे प्रतिपादणारा लेख प्रसिद्ध केला. ग्रहाची क्षणाक्षणाची म्हणजे तात्कालिक गती काढताना भास्कराचार्यांनी ज्येच्या वाढीचा संबंध कोटिज्येशी जोडला आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. फल कसे बदलते, या प्रश्नाचा हा विचार होय. युरोपीय विद्वानांनी त्यावर शंका घेतल्या, वाद झाला. परंतु जुन्या पोथीला नवा प्रश्न विचारण्याची जी सवय सीहोरने लावली होती, ती या लेखात स्पष्ट दिसते. विल्किन्सन १८४१ मध्ये निवर्तला. त्याने केलेले ‘गोलाध्याया’चे इंग्रजी भाषांतर बापूदेवांनी तपासून १८६१ मध्ये प्रकाशात आणले.

मुंबई-पुण्याकडेही याच काळात काम चालू होते. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली १८२० नंतरच्या दशकात इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत आली. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर हे एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत. त्यांनी मराठीत ‘शून्यलब्धि’ या गणितावर पुस्तक लिहिले. दोन राशींतील फरक शून्याकडे जाऊ लागला असता त्यांच्या गुणोत्तराची लब्धी काय येते, हे त्या नावातच आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांची ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ १८६० मध्ये निघाली, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून या साऱ्या परंपरेचा इतिहास मराठीत बांधून ठेवला. ज्या ग्रंथालयांत दीक्षितांचा हा ग्रंथ आहे, त्यांनी तो जपावा. बापूदेवांच्या सीहोरवासाची आठवण आपल्याला त्यानेच ठेवून दिली आहे.

तंबोऱ्याची तार

आता युरोपातील भांडणाकडे वळू. लायब्निट्सने सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘फंक्शन’ हा शब्द गणितात आणला. १७४८ मध्ये ऑयलरने त्याची व्याख्या केली : चल आणि अचल राशींपासून बनलेले सूत्र म्हणजे फंक्शन. या सुटसुटीत व्याख्येस एका तारेने धक्का दिला. तंबोऱ्याची तार मध्ये बोटाने ओढून धरली, तर सोडण्यापूर्वी तिचा आकार दोन सरळ रेषांच्या कोनासारखा होतो. तारेवरील प्रत्येक बिंदूची मूळ जागेपासूनची उंची निश्चित असते, पण संपूर्ण आकाराला एकच सूत्र नसते. हे फंक्शन मानावे की नाही? दालांबेर, ऑयलर आणि डॅनिएल बर्नुली यांच्यात अठराव्या शतकाच्या मध्यास हा वाद झाला, आणि ऑयलरला आपली व्याख्या सैल करावी लागली. १८३७ मध्ये जर्मन गणिती दिरिक्ले याने सूत्राची अट सोडूनच दिली. एका राशीच्या प्रत्येक किमतीला दुसरीची एक निश्चित किंमत मिळाली की पुरे. ती कोणत्या कृतीने मिळते, एका नियमाने की अनेकांनी, हा प्रश्न गौण. सुबाजी बापूंचा मराठी ग्रंथ नुकताच लिहून झाला होता आणि बापूदेव सीहोरास यावयाचे होते, त्याच वर्षांतील ही गोष्ट. गणेश दैवज्ञांच्या कृतीतून जो प्रश्न आपल्यासमोर उभा राहिला, त्याचे उत्तर असे मिळाले : फल म्हणजे कृती नव्हे, जोडी.

जोडी म्हटली की कोणाची कोणाशी, हे सांगावे लागते, आणि तेथे संच येतो. गेओर्ग कँटरने १८७४ पासूनच्या लेखांत समूहांचाच अभ्यास आरंभला. दोन समूहांच्या घटकांत एकास-एक संगती लावता आली, की ते सारखे मोठे, ही त्याची कसोटी. लग्नाच्या पंगतीत पाने आणि पाहुणे न मोजताही, प्रत्येक पानावर एक पाहुणा आणि प्रत्येक पाहुण्यास एक पान आहे, हे पाहून दोन्ही सारखे आहेत असे आपण म्हणतो, त्यातलेच हे. पण अनंत समूहांना ही कसोटी लावली, तेव्हा विलक्षण गोष्टी निघाल्या. १, २, ३ या सर्व संख्यांच्या शेजारी २, ४, ६ या सम संख्या एकास-एक बसतात, म्हणून दोन्ही समूह सारखे. आणि रेषेवरील सर्व बिंदू मात्र १, २, ३ ने कधीच संपत नाहीत, म्हणून ते अनंत अधिक मोठे. अनंताला लहानमोठेपण असते, हे प्रथमच सिद्ध झाले.

या इमारतीलाही लवकरच तडा गेला. बर्ट्रंड रसेलने १९०२ मध्ये फ्रेगेला पत्र लिहून जी अडचण कळवली, ती ग्रंथपालाला चटकन समजेल अशा रीतीने सांगता येते. काही ग्रंथसूचींत स्वतः त्या सूचीचीही नोंद असते, काहींत नसते. ज्यांत स्वतःची नोंद नाही अशा सर्व सूचींची, आणि केवळ त्यांचीच, एक महासूची करा. या महासूचीत तिची स्वतःची नोंद असावी काय? असली, तर ती नियमाबाहेर जाते. नसली, तर नियमानेच तिची नोंद व्हावयास हवी. अशी महासूची करता येत नाही, हेच उत्तर. म्हणून १९०८ मध्ये झेर्मेलोने नियम घालून दिले : मनास येईल तो गुणधर्म सांगून संच उभा करता येणार नाही, आधीच हाती असलेल्या संचातून मात्र त्या गुणधर्माचे घटक वेचता येतील. प्रारंभी सांगितलेली निःसंदिग्धपणाची अट किती जपून पाळावी लागते, हे यावरून दिसते.

शब्दांची निवड

कँटरने आपल्या कल्पनेला ‘मेंगे’ म्हटले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ साधा, पुष्कळ वस्तूंचा समूह. फ्रेंचांनी ‘आंसांब्ल’ घेतला. तो वादकांच्या आणि नटांच्या मेळालाही लावतात. इंग्रजांनी ‘सेट’ घेतला, जो चहाच्या भांड्यांचाही असतो. तिघांनीही घरातला शब्द उचलला. मराठीने ‘संच’ घेतला तेव्हा तिनेही तेच केले. संस्कृत कोशांत ‘सञ्च’ या शब्दाचा एक अर्थ, लिहिण्यासाठी एकत्र केलेल्या पानांचा जुडगा, असा दिला आहे. म्हणजे या शब्दाचा पोथीशी संबंध गणिताहून जुना आहे. ग्रंथालयाच्या ग्रंथात ही गोष्ट नमूद करताना विशेष समाधान वाटते.

परिभाषेच्या इतिहासात आपल्या प्रांताचा वाटा आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडात आणि त्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान होते, आणि राजधानी नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून परिभाषा घडवण्याचे प्रचंड काम चालवले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळास आली, आणि नागपूरच्या कचेऱ्यांतील अनेक मराठी कुटुंबेही बिऱ्हाड उचलून इकडे आली. भोपाळच्या सरकारी वसाहतींतील मराठी वस्तीत त्या स्थलांतराचा मोठा वाटा आहे. ज्या वाटेने १८३८ मध्ये एक विद्यार्थी नागपुराहून सीहोरास आला, जवळजवळ त्याच वाटेने.

पुढे १९६१ मध्ये केंद्र सरकारचा वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला, आणि महाराष्ट्रात भाषा संचालनालय व मराठी विश्वकोश यांनी परिभाषेचे काम हाती घेतले. त्याच सुमारास शालेय अभ्यासक्रमांत ‘नवे गणित’ शिरले आणि संच मुलांच्या हाती आला. हिंदीत समुच्चय, अवयव, सम्मिलन, सर्वनिष्ठ हे शब्द रूढ झाले. मराठीत संच, घटक, संयोग, छेद. फंक्शनसाठी हिंदीने ‘फलन’ घेतला. मराठीत ‘फल’ आणि ‘फलन’ दोन्ही चालतात. विश्वकोशाने ‘फलन’ हे रूप पसंत केले. माझा कल ‘फल’कडे आहे. मंदफल आणि इच्छाफल यांचा हा थेट वंशज आहे, आणि तो उच्चारताच इच्छा आणि फल यांची जोडी मनात उभी राहते. अर्थात ‘फलन’ हेही त्याच घरचे. त्याच्याशी वैर नाही.

पुढे काय?

शब्द घडले, ते चालले किती? महाराष्ट्रात नववीच्या मराठी पुस्तकात संच आहे, पण अकरावीपासून विज्ञानशाखा इंग्रजीतून चालते, त्यामुळे ज्याने संच मराठीत शिकला, त्याची ‘फल’शी गाठच पडत नाही. आपल्या भोपाळात हिंदी माध्यमाच्या मुलाला दोन्ही कल्पना देशी शब्दांत मिळतात, पण मराठी शब्द मिळत नाहीत. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला यांपैकी काहीच नाही. कोणी म्हणेल, गणित चिन्हांत चालते, शब्दांचे एवढे काय? परंतु चिन्ह समजण्यापूर्वी ते कोणीतरी बोलून समजावून द्यावे लागते, आणि ते बोलणे कोणत्या तरी भाषेत होते. ज्या भाषेत ते कधीच होत नाही, ती भाषा हळूहळू सण, स्वयंपाक आणि आठवणी यांपुरती उरते. परप्रांतातील मराठीला हा धोका अधिक आहे, हे येथील प्रत्येक पालक जाणतो.

यावर उपाय मोठ्या योजनांत शोधण्याची गरज नाही. सीहोरची पाठशाळा हे एका छावणीच्या गावातील लहानसे ठिकाण होते. जुना ग्रंथ पुढे ठेवून त्याच्या आधारे नवी गोष्ट ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगणे, एवढीच तेथली रीत होती. ग्रंथालयालाही ती साध्य आहे. ५१० क्रमांकाच्या कपाटातील मराठी पुस्तके दर्शनी भागात यावीत, अकरावीच्या मुलांना हिंदी, मराठी आणि इंग्रजी संज्ञांचा एक पानी तक्ता मिळावा, आणि सभासदांतील एखाद्या निवृत्त गणितशिक्षकाने वर्षातून दोन-चार सायंकाळी त्यांच्याशी मराठीत बोलावे, इतके झाले तरी पुष्कळ होईल.

आच्छादक फलाची व्याख्या वर आली आहे : ज्यात दुसऱ्या संचातील एकही घटक वाचून राहत नाही, ते. ग्रंथालयाच्या देवघेव नोंदवहीतील प्रत्येक नोंद एका पुस्तकाकडे बोट दाखवते. म्हणजे नोंदींच्या संचापासून पुस्तकांच्या संचाकडे जाणारे ते एक फल आहे. ते आच्छादक असणे म्हणजे निदान एकदा तरी घरी गेले नाही असे एकही पुस्तक कपाटात नसणे. गेल्या शंभर वर्षांत ते कितपत आच्छादक झाले, हे ग्रंथपालांना नोंदवही पाहून सांगता येईल. दुसऱ्या शतकात ते पूर्णपणे तसे व्हावे, आणि त्यात गणिताचेही कपाट यावे, एवढी इच्छा सभासदांपुढे ठेवून हा लेख पुरा करतो.